खारफुटी

समुद्रकाठी आणि खाड्यांच्या कडेला, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाझुडपांना खारफुटी म्हणतात. त्यांच्या वनाला कांदळवन. ही सगळी एका कुळातली झाडे नव्हेत. एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या कुळांतल्या जगभरच्या सुमारे 70 जातींनी या एकाच गैरसोयीच्या जागी राहायची आपापली सोय लावली, म्हणून त्यांचा उल्लेख एकत्र होतो. शालेय अभ्यासात खारफुटी भूगोलात एकदा भेटते आणि जीवशास्त्रात एकदा, आणि दोन्हीकडे अर्धीच कळते. या झाडांच्या चमत्कारिक वाटणाऱ्या सवयींचे मूळ बहुतेक वेळा भरतीच्या पाण्यात असते.

हे पाणी कोकणात दिवसातून दोनदा चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि तेव्हा पाणी बेताचेच चढते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी उभे असलेले झाड रोज बुडते, तर मागच्या उंचवट्यावरच्या झाडापर्यंत केवळ उधाणाचे पाणी पोहोचते. जातींची वाटणी बरीचशी यावरच ठरते. पुढे चिपी, तिवर आणि कांदळ; जमिनीच्या बाजूला मारांडीची काटेरी झुडपे आणि गेवा. गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येऊ शकते, म्हणून माहीतगार माणसे त्याच्या वाटेला जात नाहीत.

पहिली अडचण श्वासाची. खाडीच्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे राहणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. ओहोटीच्या वेळी येणारा कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. दरवेळी त्याचे खापर सांडपाण्यावर फोडायचे कारण नाही. अशा चिखलात मुळे गुदमरू नयेत म्हणून तिवर जमिनीखाली आडवी पसरलेल्या मुळांतून वर शेकडो टोकदार श्वसनमुळे काढतो. बारकाईने पाहिले तर त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे दिसतात. ओहोटीच्या काळात त्यांतून हवा आत शिरते आणि सच्छिद्र ऊतींतून खालपर्यंत जाते. कांदळाची तऱ्हा निराळी. त्याच्या खोडातून कमानीसारखी आधारमुळे सुटतात आणि पातळ चिखलात झाडाला उभे धरतात. हवा घेण्याचे कामही त्यांचेच.

दुसरी अडचण मिठाची. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच गाळून बाहेर ठेवतो. तिवराच्या शरीरात थोडे मीठ शिरते आणि पानांवरच्या क्षारग्रंथी ते बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी तिवराचे पान उन्हात धरले तर मिठाचे कण चमकताना दिसतात. पान चाटून पाहिले की शंका उरत नाही. पाण्यात उभ्या असलेल्या या झाडांची पाने जाड आणि चिवट असतात, कारण भोवती पाणी असले तरी त्यातले गोडे पाणी मिळवणे त्यांना महाग पडते.

तिसरी अडचण पिढी रुजवण्याची. भरतीच्या जागेत पडलेले साधे बी वाहून जाईल किंवा कुजेल. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. फळातून हिरवे, शेंगेसारखे लांब रोपमूळ बाहेर येते, महिनोन्‌महिने फांदीवरच वाढते आणि पूर्ण वाढल्यावर गळते. ओहोटी असली तर चिखलात रुतू शकते, भरती असली तर तरंगत दूर जाते. जीवशास्त्रात याला अपत्यजनन म्हणतात. चिपीला ही युक्ती नाही, पण तिची फुले पाहण्यासारखी असतात. ती संध्याकाळी उमलतात, पांढऱ्या पुंकेसरांचा झुपका रात्रभर मिरवतात आणि सकाळी गळून जातात. परागीभवन वटवाघळे आणि मोठे पतंग करतात. 2020 मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

खारफुटी उष्ण प्रदेशातच का, याचे उत्तर थंडीत आहे. गोठवणारी थंडी या झाडांना सोसत नाही, म्हणून ती मुख्यतः दोन्ही गोलार्धांत 30 अंशांच्या आत आढळतात. भारतात 2021 च्या वन सर्वेक्षणानुसार 4,992 चौरस किलोमीटर कांदळवन आहे. त्यापैकी पश्चिम बंगालमध्ये 2,114, महाराष्ट्रात 324 आणि गोव्यात 27. हा फरक नद्यांमुळे पडतो. गंगा-ब्रह्मपुत्रेने गाळ टाकून अफाट सपाट त्रिभुज प्रदेश घडवला, म्हणून तिथे सुंदरबन उभे राहिले. सह्याद्रीतून निघणाऱ्या वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका आखूड आणि उताराच्या. त्या त्रिभुज प्रदेश करत नाहीत, खाड्यांना मिळतात. म्हणून कोकणातले कांदळवन खाडीच्या दोन्ही काठांना पट्ट्यापट्ट्यांनी दिसते.

या वनाची पाने फार थोडे प्राणी हिरवी खातात. गळलेली पाने खेकडे बिळांत ओढतात, उरलेली बुरशी आणि जिवाणू कुजवतात, आणि त्या कुजक्या चुऱ्यावर कोळंबीपासून पुढची सगळी साखळी पोसली जाते. चिंबोरी इथलीच. जिताड्याची पिल्ले इथे लपून वाढतात. निवटी हा मासा तर ओहोटीत चिखलावर कल्ल्यांजवळच्या परांनी सरपटतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. गाळात प्राणवायू नसल्याने पुरलेला पालापाचोळा पूर्ण कुजत नाही आणि त्यातला कार्बन दीर्घकाळ तिथेच अडकून राहतो.

ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांसमोर कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे मृत्यू कमी झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. महाराष्ट्रात 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि 2012 मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. मात्र जिथे चिखल दिसेल तिथे खारफुटी लावावी, हा उत्साह चुकीचा आहे. ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उघड्या चिखलपट्ट्यांवर चरतात, झाडांत नव्हे. तिथे कांदळवन पसरले की त्यांचे कुरण आकसते.

माणसाच्या शेतीशीही या झाडांचे नाते सरळ नाही. गोव्यातल्या खाजण शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत, बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते, भरती-ओहोटीचे पाणी मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी आवरले जाते आणि आत कोरगुटसारखे खारे सोसणारे भात पिकते. रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, मात्र देखभालीअभावी बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. काही वर्षांत तिथे तिवर उगवतो, आणि मग कायद्याने संरक्षित झालेली ती झाडे शेतकऱ्याला स्वतःच्या सातबारावरच्या जमिनीतूनही काढता येत नाहीत.