दुरुस्त होऊन आलेल्या मशीनवर फायरफॉक्स का असतो?

आमच्याकडून फॉरमॅट होऊन गेलेल्या प्रत्येक मशीनवर क्रोमच्या शेजारी फायरफॉक्स या इंटरनेट ब्राउझरचं केशरी चित्र दिसतं. "हे कशाला टाकलंत? आणि बिलात किती लावलंत?" असं बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळेच विचारतात, म्हणून हा कागद सोबत देतो आहोत. बिलात काही लावलेलं नाही. तो बनवणाऱ्या मोझिलाच्या अधिकृत साइटवरून तो कुणालाही फुकट उतरवता येतो. फक्त सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, तिथून भलतंच काही मशीनवर येऊन बसतं.

याची वंशावळ नेटस्केपपर्यंत जाते. 1994 मध्ये आलेला हा ब्राउझर काही वर्षं इंटरनेटवर राज्य करत होता. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबरच इंटरनेट एक्स्प्लोरर द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपचा धंदा बसला. हरत चाललेल्या या कंपनीने 31 मार्च 1998 रोजी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून प्रोग्राम बनतो ती मूळ लिखावट, सर्वांसाठी खुला केला. पुढे कंपनी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने विकत घेतली आणि तिचा ब्राउझर हळूहळू विस्मृतीत गेला. पण कोड बाहेर आलेला होता, तो कुणाला परत तिजोरीत ठेवता येईना. त्याच कोडमधून डेव्ह हयात आणि ब्लेक रॉस यांनी 2002 मध्ये एक सुटसुटीत ब्राउझर काढला. आधी नाव फिनिक्स, मग फायरबर्ड; दोन्ही नावांवर दुसऱ्यांचा हक्क निघाला. फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स ठरलं आणि 9 नोव्हेंबर 2004 ला पहिली पक्की आवृत्ती आली. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिची दोन पानी जाहिरात झळकली, तीही वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली!

मग यांचं पोट कशावर चालतं? फायरफॉक्सच्या मागे मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, पण तिच्या मिळकतीचा मोठा भाग गूगलकडून येतो, सर्च आधीपासून गूगलवर लावून ठेवण्याबद्दल. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर उभं राहणं आम्हालाही खटकतं. तरी सर्च इंजिन बदलणं तुमच्या हातात आहे.

आम्ही तो टाकतो त्याचं खरं कारण वेगळं. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावं वेगळी, पण आतला पाया, क्रोमियम, एकच, आणि त्याचा सूत्रधार गूगल. फायरफॉक्सचं गेको हे इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा भाग, स्वतःचं. क्रोमने नियम बदलल्यावर युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) तिथे चालेनासा झाला. फायरफॉक्सवर तो आजही पूर्ण चालतो, अँड्रॉइड फोनवरसुद्धा.

"तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे" असे कोपऱ्यातून उडणारे निरोप घेऊन खूप लोक दुकानात येतात. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कुठल्याशा साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि घाईत "अलाउ" दाबलं गेलं, एवढंच. फायरफॉक्समध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक करा, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, खाली परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्स शोधा. यादीतली अनोळखी साइट काढून टाका आणि नवी विचारणा बंद करणाऱ्या चौकोनावर टिक करा. पुढच्या वेळी आमच्याकडचा हेलपाटा वाचेल, आणि तुमचे पैसेही.

तिथेच प्रायमरी पासवर्डही (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप) लावून घ्या. नाहीतर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मशीनवर बसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागू शकतात. ऑफिसात एकाच मशीनवर चार जण बसत असतील तर हे आजच करा. पाळत ठेवणाऱ्या कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) मात्र 2019 पासून आपोआप अडवल्या जातात, त्यासाठी काही करावं लागत नाही. घरात आजींना मेनू मराठीत हवा असेल आणि हिशेबनीसाला गुजरातीत, तर दोन्ही भाषा सेटिंग्जमध्ये मिळतात.

प्रायव्हेट विंडोबद्दल गैरसमज नको. ती फक्त त्या विंडोतली हिस्टरी मशीनवर राहू देत नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं.

काही ठिकाणी फायरफॉक्स अडतो, विशेषतः डिजिटल सही लागणाऱ्या पोर्टल्सवर. म्हणूनच क्रोम किंवा एज आम्ही काढत नाही. विंडोज 7 किंवा 8 असेल तर फायरफॉक्सची 115 ही शेवटची आवृत्ती. तिच्यापुढे जाता येत नाही, त्यामुळे अशा मशीनवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. जुने बुकमार्क क्रोममधून आणायचे असतील तर मशीन न्यायला याल तेव्हा सांगा, समोरच करून देतो.