पर्णकृमींवरील वनस्पती-अर्कांची चाचणी

गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या पित्तनलिकांत किंवा रवंथी पोटात राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमींवर (पर्णकृमींवर) एखाद्या वनस्पतीचा अर्क लागू पडतो का, हे आधी प्रयोगशाळेत व मग जनावरात पडताळण्याची पद्धत. फॅसिओला हेपॅटिका आणि उष्ण प्रदेशातील फॅसिओला जायगँटिका या यकृतातील जातींवर तिचा मुख्य भर आहे. कोवळ्या व प्रौढ अशा दोन्ही अवस्थांना मारणाऱ्या ट्रायक्लाबेंडाझोल या औषधाला न जुमानणारे कृमी ऑस्ट्रेलियातून १९९५ मध्ये नोंदले गेले. पर्यायी औषधांच्या शोधामागे हे एक कारण आहे.

वनस्पती आणि यकृतातील हा कृमी यांचे नाते जुने, पण सुरुवातीला उलटे होते. जाँ द ब्री या फ्रेंच मेंढपाळाने १३७९ च्या सुमारास मेंढ्यांच्या यकृतरोगाचे खापर पाणथळीतल्या एका वनस्पतीवर फोडले. फ्रेंचमध्ये ‘दूव’ हा शब्द कृमीला आणि त्या वनस्पतीला सारखाच लागतो. आधी नाव कोणाचे, यावर मतभेद आहेत. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘डोल्वा’ हा कृमिवाचक शब्द पाहता कृमीचे नाव आधीचे असावे. लॉयकार्ट व टॉमस या संशोधकांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी गोगलगायीतून जाणारे जीवनचक्र उलगडल्यावर वनस्पती निर्दोष ठरली. मात्र कृमीचे कोश पाण्याकाठच्या पाल्यालाच चिकटलेले असतात, तेव्हा मेंढपाळाचा संशय अगदीच वाया गेला नाही.

औषध म्हणून नरनेचा या नेचे-वनस्पतीच्या मूलस्तंभाचा अर्क युरोपात मेंढ्यांना देत असत. त्याची विषारी मात्रा उपचाराच्या मात्रेच्या फार जवळ असल्याने, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कार्बन टेट्राक्लोराइड आल्याने, तो मागे पडला.

चाचणीसाठी कत्तलखान्यातील यकृताच्या पित्तनलिका चिरून जिवंत कृमी काढतात, कोमट लवणद्रावणात धुतात आणि शरीराच्या तापमानाला पोषक द्रावणात ठेवतात. बशीत कृमी आतड्यातला काळसर पदार्थ ओकतात, म्हणून द्रावण बदलावे लागते. अर्क घातल्यावर हालचाल थांबण्याची वेळ मोजतात. निपचित कृमी मेलेलाच असतो असे नाही. सुईने डिवचून किंवा गरम पाण्यात बुडवून खात्री करावी लागते. नुसत्या द्रावकात ठेवलेले आणि प्रचलित औषधात ठेवलेले कृमी तुलनेला नसतील, तर निकालाला अर्थ उरत नाही, कारण यजमानाबाहेर कृमी तसेही फार काळ टिकत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बाह्यावरणावर फोड व काटे गळालेले दिसतात. टॅनिनयुक्त अर्क मात्र प्रथिनांना सरसकट बांधतात. त्यांनी केलेली इजा कृमिघ्न गुणाचा पुरावा मानताना सावधगिरी हवी.

मेघालयातील खासी लोक कृमींवर फ्लेमिंजिया वेस्टिटा या वनस्पतीचे कंद खातात. त्यातील जेनिस्टीन या रसायनाने डुकराच्या व माणसाच्या आतड्यातील फॅसिओलॉप्सिस बुस्की हा पर्णकृमी लुळा पडतो, असे बशीतील प्रयोगांत दिसले.

बशीत गुणकारी ठरलेले बरेच अर्क जनावरात निष्प्रभ ठरतात: रवंथी पोटातील सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात, आणि यकृतापर्यंत पुरेशी मात्रा पोहोचत नाही. शेणातील अंडी मोजूनही फसगत होते, कारण कृमी मेले तरी पित्ताशयात साठलेली अंडी काही काळ बाहेर पडत राहतात. शवविच्छेदनात उरलेले कृमी मोजणे हाच भरवशाचा निकष मानतात. रवंथी पोटातील पॅराम्फिस्टोमम या पर्णकृमीवर असे प्रयोग त्यामानाने कमी आहेत.

गोगलगायी मारणाऱ्या वनस्पतींची चाचणी हा वेगळा विषय आहे. इथिओपियात एंडोड या वनस्पतीच्या फळांनी कपडे धुतात तिथे प्रवाहात गोगलगायी मरतात, हे अक्लिलू लेम्मा यांनी १९६४ मध्ये टिपले. त्यामागे फळांतील सॅपोनिने ही साबणासारखी फेसाळणारी द्रव्ये आहेत.