दस्ता बदलला की नेम सुधारतो?

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये जुना समज आहे: कंपनीचा दस्ता (नळीला खालून धरणारा आणि खांद्याला टेकणारा भाग) काढून महागडा बसवला की रायफल आपोआप अचूक होते.

अचूकता मुख्यतः नळी, काडतूस आणि नेमबाजावर ठरते. दस्ता आड येतो तो नळीला घासला किंवा स्क्रू ढिले असले तर. लाकूड तर दमट हवेत फुगतंच. रायफल रिकामी करून नळी आणि दस्त्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. अडली तर स्पर्श आहे. काही रायफलींत मात्र दस्त्याच्या पुढच्या टोकाला हा स्पर्श मुद्दाम ठेवलेला असतो. मग तीच काडतुसं, 100 यार्ड अंतर, बदलाआधी आणि नंतर पाच-पाच गोळ्यांचे काही गट मारून प्रत्येक गट किती पसरला ते मोजा.

हाताळणीचं वेगळं. दस्त्याची लांबी खांद्याला, उंची गालाला जुळली तर फरक जाणवतो. पण त्यासाठी कधीकधी पाठीमागचं रबरी पॅड बदलणंही पुरतं.