लाकूड कुजवणारी बुरशी आणि मातीतले औषध

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या डाळिंब पट्ट्यात खोडकिडीसाठी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी होते आणि ते औषध थेट बुंध्याजवळच्या मातीत जाते. असे अंश बुरशीने फोडता येतात, ही कल्पना मुळात लाकडाच्या अभ्यासातून आली.

लाकूड टणक करणारे लिग्निन फोडायला पांढरी कूज करणाऱ्या बुरशी पेरॉक्सिडेज नावाची विकरे (एन्झाइम) सोडतात. लिग्निनची रचना एकसारखी नसते, म्हणून ही विकरेही फारशी निवड करत नाहीत. समोर येईल त्या कार्बनच्या कड्यातून इलेक्ट्रॉन ओढून ते तोडतात. 1985 मध्ये जॉन बंपस, स्टीव्हन ऑस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी आणि लिंडेन या कीटकनाशकांचा काही भाग पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेते. नत्र कमी पडल्यावरच तिची ही विकरे जोमात सुटत होती.

शेतात उपयोग झाला तो स्वीडनमध्ये, 1993 च्या सुमारास. फवारणीयंत्र भरताना आणि धुताना सांडणारे औषध जिरवायला तिथे 'बायोबेड' आले: 60 सेंटिमीटर खोल खड्डा, तळाला 10 सेंटिमीटर चिकणमाती, वर 50 टक्के धान्याच्या काडाचा भुसा, 25 टक्के पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), 25 टक्के माती आणि त्यावर गवत. भुसा हे बुरशीचे अन्न. औषध ती पोटासाठी खात नाही, भुसा फोडता फोडता तेही फुटते. म्हणून भुसा संपला की काम थांबते. मिश्रण खाली बसेल तशी दरवर्षी भर घालावी लागते.

सोलापुरात हीच कृती जशीच्या तशी चालत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तळाचा थर फुटून औषध खाली झिरपते. तिथे शेततळ्याचा कागदच हवा आणि पाऊस साचू नये म्हणून वर छप्पर. 2 बाय 2 मीटरच्या खड्ड्यात 50 सेंटिमीटर थराला 2 घनमीटर मिश्रण लागते. भुशाच्या जागी कडबा चालला असता, पण तो जनावरांना लागतो. त्याऐवजी 1 घनमीटर बारीक केलेले उसाचे पाचट घ्यावे. अर्धा घनमीटर माती आळवणी झालेल्या बागेतलीच घ्यावी, कारण तिच्यातले जीवाणू त्या औषधाला सरावलेले असतात. पीट आंबट असते आणि बुरशीला तेच मानवते. त्याच्या जागी अर्धा घनमीटर कंपोस्ट घालताना ते जुने, पूर्ण कुजलेले हवे. कोंबडीखत किंवा युरिया पडला, की नत्र वाढून विकरे मंदावतात. ओल मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकी ठेवावी.

शेतकरी वापरतात ती ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी. तिच्याकडे लाकूड फोडणारी ही पेरॉक्सिडेज नाहीत आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या आळवणीत ती स्वतःच मरते.

मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणातले तांबे मात्र कोणतीच बुरशी फोडत नाही. ते मूलद्रव्य असल्याने खड्ड्यात साचतच जाते. जुने मिश्रण वर्षभर कुजवून शेतात पसरण्याआधी त्यातले तांबे तपासून घ्यावे.