अंदाजित आणि प्रत्यक्ष खर्चाची तुलना

शासनाने किंवा स्थानिक संस्थेने वर्षारंभी जेवढा खर्च धरला आणि वर्ष सरल्यावर जेवढा खरोखर खर्ची पडला, ते आकडे सलग काही वर्षांसाठी ताडून पाहण्याची पद्धत. एखाद्या वर्षीच्या तफावतीमागे पूर, आचारसंहिता, रखडलेली निविदा असे काहीही असू शकते. पाच-सात वर्षे तीच तफावत दिसली, तर खोट अंदाजातच आहे असे समजावे.

पुणे महानगरपालिकेचे अंदाजपत्रक २०२४-२५ साठी ११,६०१ कोटींचे आणि २०२५-२६ साठी १२,६१८ कोटींचे होते. बातम्यांत गाजतात ते हे आकडे. प्रत्यक्ष खर्च मात्र उशिरा हाती येतो. अंदाजपत्रक मार्चअखेरच्या आधीच छापून होत असल्याने चालू वर्षाच्या रकान्यात सुधारित (म्हणजे वर्ष चालू असताना दुरुस्त केलेला) अंदाजच लिहिता येतो. म्हणजे २०२४-२५ चा मूळ अंदाज त्या वर्षीच्या पुस्तकात आणि खरा खर्च २०२६-२७ च्या. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही, आणि तेवढा खटाटोप फार थोडे लोक करतात.

तुलना कशाशी, हा कळीचा मुद्दा. समजा, एका रस्त्यासाठी १० कोटी धरले; डिसेंबरपर्यंत निविदा निघाली नाही, म्हणून सुधारित अंदाजात ४ कोटी केले आणि खर्च झाला ३ कोटी ८० लाख. सुधारित आकड्याशी ताडले तर ९५ टक्के, मूळ आकड्याशी ताडले तर ३८. उरलेली रक्कम ‘वर्गीकरण’ करून, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्याला देऊन, दुसऱ्या लेखाशीर्षाकडे (खर्चाच्या सदराकडे) वळवली, तर एकूण बेरजेत काहीच खटकत नाही. म्हणूनच ‘पेफा’ या सरकारी पैशाचा कारभार जोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत एकूण खर्च आणि त्याची विभागणी वेगवेगळी तपासतात. तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षे एकूण खर्च मूळ अंदाजाच्या ९५ ते १०५ टक्क्यांत राहिला, तर सर्वांत वरची श्रेणी मिळते.

राज्याच्या पातळीवर हे काम महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांतून, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडणाऱ्या हिशेबांतून होते. मंजुरीपेक्षा जादा झालेला खर्च संविधानाच्या अनुच्छेद २०५ नुसार विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीचा वाद पुण्याला जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात वर्षानुवर्षे उरणाऱ्या शिलकीवरच बोट ठेवले होते: ही सुबत्ता नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त आहेत.

मार्चएंडची गंमत वेगळीच. पेठेतल्या बोळात मार्चमध्ये ओतलेल्या काँक्रीटचे बिल मे महिन्यात निघाले, तर रोखीच्या हिशेबात, म्हणजे पैसे दिले त्या दिवशी खर्च धरण्याच्या पद्धतीत, ते पुढच्या वर्षाच्या खात्यावर पडते.