गोठ्याची गोबरगॅस टाकी बंद पडली? आधी फिनाईलची बाटली बघा

पोळा आटोपला की आमचा फोन वाजायला लागतो. "गॅस येत नाही, पाणी घाण मारतंय, माणूस पाठवा." माणूस येतो, टाकीआधीच्या चेंबरचं झाकण उचलतो, तर आत ताकासारखं पांढरं पाणी. मालक म्हणतात, दूध सांडलं असेल. दादा, फिनाईल पाण्यात पडलं की असंच पांढरं होतं. सणासाठी गोठा चकाचक केला आणि धुणं सगळं टाकीत गेलं.

शेण कुजवून गॅस करतात ते जिवाणू, पाण्याची घाण कमी करतात तेही जिवाणूच. जंतू मारायचं औषध आपला-परका ओळखत नाही. ब्लीचिंग, ॲसिड, दूध काढायच्या मशीनच्या धुण्याचं पाणी, सगळ्यांची तीच गत. स्तनदाहाची इंजेक्शनं चालू असलेल्या म्हशीचं शेणही तेवढे दिवस बाजूला टाका. एकदा टाकी मेली की चालू टाकीतली रबडी, म्हणजे कुजलेलं पातळ शेण, विरजणासारखी घालून काही आठवडे वाट पाहावी लागते. तोवर सिलिंडर आहेच.

म्हणून आम्ही चेंबरला दोन तोंडं ठेवतो. फिनाईल मारायच्या दिवशी टाकीकडचं तोंड बंद करा, धुणं बाहेरच्या खड्ड्यात जाऊ द्या. खड्डा विहिरीपासून लांब हवा. साध्या पाण्याने दोनदा धुऊन झाल्यावरच तोंड पुन्हा उघडा. रोजच्या धुण्याला तर खराटा पुरतो. आधी शेण खरवडा, मग पाइप धरा.

"तुमची टाकी मोठी आणि महाग," हेही ऐकतो. दिवसाला २ घनमीटर गॅस देणाऱ्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे साधारण १०० लिटर. आपल्या हवामानात ते ४० दिवस आत मुरायला हवं. गुणाकार करून पाहा, ४,००० लिटर झाले. यापेक्षा लहान टाकी मे महिन्यात चालेलही, पण जानेवारीच्या थंडीत यावल-रावेरकडे जिवाणू सुस्तावतात आणि अर्धकच्चं शेण बाहेर पडतं.

सांडपाणी अशाच टाकीत सोडणाऱ्या चिकन-मटणाच्या दुकानदारांनी रक्त नालीत सोडू नये, वेगळ्या बादलीत धरावं. चरबीची जाळी रोज काढावी.

बाहेर पडणारं पाणी साध्या पाण्यात मिसळून गजराज गवताला, केळीला द्या. मेथी-कोथिंबिरीला नको. ठिबकला जोडणार असाल तर आधी वाळूचा फिल्टर लावा, नाहीतर ड्रिपर चोंदतील. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) सरकारी मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. नमुना आम्ही तपासून आणतो, फिल्टरही बसवून देतो.

चेंबरात पांढरं पाणी सापडलं तर फेरीचे पैसे लागतील, ते वॉरंटीत बसत नाही. विरजणाची रबडी मात्र फुकट. आमच्या गोठ्यावरून दोन ड्रम भरून न्या, ड्रम तेवढे परत आणा.