आवाज तुटतो, पण दोष वेगाचा नाही

आंब्याचा हंगाम आला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांना फोन ठेवायला उसंत नसते. त्यांतल्या काहींनी आता लँडलाइन सोडून इंटरनेटवरचा फोन घेतलाय. नंबर एकच, पण कॉल पॅकिंगच्या शेडमध्ये घ्या, बागेत मोबाइलवर घ्या, नाहीतर वाशीच्या गाळ्यावर. सोय मोठीच आहे. मग तक्रार येते: "शंभर एमबीपीएस असून आवाज तुटतो. आता दोनशेचं घेतो."

घेऊ नका. आधी हिशेब बघा. टेलिफोनच्या रूढ पद्धतीत आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी 8 बिटांत लिहितात. इंटरनेटवर तो 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो. प्रत्येकात आवाजाचे 160 बाइट, वर पत्ता, क्रमांक आणि वेळ यांचे 40. सगळं धरून एका दिशेला साधारण 80 केबीपीएस, म्हणजे 0.08 एमबीपीएस. शंभर एमबीपीएसमध्ये कागदावर असे हजार कॉल मावतात.

खरी मेख जिटरमध्ये, म्हणजे पॅकेटं पोचण्याच्या वेळेतल्या चढउतारात आहे. पॅकेटं निघतात ठरलेल्या अंतराने, पोचतात मात्र कशीही, कारण वाटेत प्रत्येक राऊटरवर रांग असते. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो. तुमचा आवाज मात्र अपलोडवरून जातो आणि ते पुष्कळदा बरंच कमी असतं. अपलोड 1 एमबीपीएसवर आलं असेल, तर सीसीटीव्हीचं 1,500 बाइटचं एक पॅकेट 12 मिलिसेकंद वाट अडवतं. अशी दहा पुढे असली तर तुमचा शब्द 120 मिलिसेकंद खोळंबतो.

यावरची युक्ती मला फार आवडते: जिटर बफर. नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी टाकीतून धार सलग पडते, तसं. पलीकडचा फोन आलेली पॅकेटं लगेच वाजवत नाही. 40-60 मिलिसेकंद साठवतो, क्रम लावतो आणि मग एका लयीत सोडतो. पाळी टळून गेल्यावर आलेलं पॅकेट सरळ फेकून देतो. साठा लहान ठेवला तर शब्द तुटतात. मोठा ठेवला तर उशीर वाढतो आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. एका दिशेचा एकूण उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. म्हणून चांगला बफर साठा सतत बदलतो. प्रत्येक पॅकेटमागे तो पॅकेटांच्या अंतरातला नवा फरक जिटरच्या जुन्या अंदाजाशी ताडतो, त्या तफावतीचा सोळावा भाग अंदाजात मिळवतो आणि साठ्याची लांबी शक्यतो दोन शब्दांमधल्या शांततेत बदलतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा दोनशेच्या प्लॅनऐवजी राऊटरमध्ये आवाजाच्या पॅकेटांना प्राधान्य द्या आणि जिटर 30 मिलिसेकंदांच्या आत आहे का ते तपासा. राऊटरवर 'रेडिएशन थांबवणारे' स्टिकर चिकटवण्यात तर पैसे मुळीच घालू नका. ते खरंच लहरी अडवत असते, तर वायफाय चाललंच नसतं.

कोकणात एक गोष्ट मात्र आधी बघायला हवी: वीज. जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतूनच एक्स्चेंजमधून सुमारे 48 व्होल्ट मिळत, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. इंटरनेट फोनला राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालू लागतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढे दिवस कुठलाच घरगुती इन्व्हर्टर टिकत नाही. म्हणून शेडमधला फोन उचलला गेला नाही तर कॉल आपोआप वाशीच्या गाळ्यावर वळेल, अशी सेटिंग मे महिन्यातच करून घ्या आणि राऊटर बंद करून एकदा खात्री करा.